घाटाखालच्या दमट हवेत कामाचा पोशाख: बिनअस्तराचा बंदगळा आणि लोकरी पॅन्ट, काही महिन्यांच्या वापरानंतर

उन्हाळा सुरू झाल्यापासून पावसाळा सरेपर्यंत मी कामावर जाताना एकच जुळणी वापरली: बिनअस्तराचा लिननचा बंदगळा, घट्ट पिळाच्या धाग्याने विणलेल्या पातळ लोकरी कापडाची पॅन्ट आणि आत बेळगावजवळच्या हुदली गावच्या खादीचा शर्ट. बेळगावच्या उद्यमबागेत तयार होणारे यंत्रांचे भाग घेऊन वेर्णा, वास्को आणि कधी कारवारपर्यंत ग्राहकांना भेटणे हे माझे काम आहे. सकाळी बेळगावात, दुपारी गोव्यात आणि रात्री पुन्हा बेळगावात, असा ज्यांचा दिवस जातो त्यांना हा अनुभव उपयोगी पडावा, म्हणून तो सविस्तर लिहीत आहे.

बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे साडेसातशे मीटर उंचीवर आहे. एप्रिलमधले ऊन कडक असले तरी संध्याकाळी वारा सुटतो, मधूनच वळीव येऊन जातो, आणि आलेला घाम अंगावरच वाळतो. त्यामुळे आपल्याकडे शिवलेला नेहमीचा अस्तराचा कोट आपल्याकडच्या हवेत फारसा त्रास देत नाही. जांबोटी आणि कणकुंबी मागे टाकून चोर्ल्याचा घाट उतरला की मात्र तोच कोट साखळीला पोहोचेपर्यंत नकोसा होतो. एक ग्रॅम घाम वाळताना सुमारे २.४ किलोज्यूल उष्णता घेऊन जातो. तोच घाम न वाळता नुसता ओघळून गेला, तर ती उष्णता शरीरातच राहते. किनाऱ्यावरच्या हवेत आधीच भरपूर बाष्प असल्यामुळे घाम सावकाश वाळतो, आणि म्हणून कापड किती पातळ आहे यापेक्षा त्यातून हवा किती खेळते आणि ते अंगाला किती चिकटते, हे पाहणे अधिक महत्त्वाचे ठरते.

या जुळणीत मला सर्वाधिक समाधान पॅन्टने दिले. उन्हाळ्यात लोकर, हे ऐकून घरातल्यांनी आणि दुकानदारानेही शंका काढली होती, आणि ती स्वाभाविकच होती, कारण आपल्याकडे लोकर म्हटले की स्वेटर आणि घोंगडेच डोळ्यांसमोर येते. प्रत्यक्षात कापड उबदार होते ते त्यातल्या लवीमुळे आणि दाट विणीमुळे. माझ्या पॅन्टचे कापड साध्या उभ्या-आडव्या विणीचे, लव नसलेले आणि इतके मोकळे आहे की उजेडासमोर धरल्यास पलीकडचे अंधूक दिसते. धाग्याला पीळ जास्त असल्यामुळे ते हाताला किंचित खरखरीत लागते, आणि या खरखरीतपणामुळेच ते भिजलेल्या मांडीला चिकटत नाही. २० अंश तापमान आणि ६५ टक्के आर्द्रता या प्रमाणित हवेत लोकर स्वतःच्या वजनाच्या सुमारे १६ टक्के ओलावा धरते, लिनन १२ टक्के, सूत साडेआठ टक्के, आणि पॉलिएस्टर अर्धा टक्कासुद्धा नाही. बाजारात पॅन्टसाठी सर्रास मिळणाऱ्या पॉलिएस्टर-व्हिस्कोसच्या कापडात पॉलिएस्टरचाच वाटा मोठा असतो. गुडघ्यामागे आणि कमरेला जो चिकटपणा जाणवतो, त्याचे कारण बहुतांशी तेच आहे. लोकरीच्या तंतूला मुळातच वळण असते, म्हणून घाटातल्या वळणांवर तासन्‌तास बसून पडलेल्या चुण्या रात्री हँगरवर टांगल्यावर सकाळपर्यंत पुष्कळशा निघून जातात. इस्त्री आठवड्यातून एकदा, तीही ओले फडके मध्ये घालून, पुरते. कापड घेताना ‘सुपर १२०’, ‘सुपर १५०’ अशा आकड्यांवर मात्र जाऊ नये. तो आकडा तंतूची तलमता सांगतो, विणीचा मोकळेपणा सांगत नाही, आणि फार तलम लोकर रोजच्या प्रवासात लवकर झिजते.

बंदगळा निवडण्यामागे माझा विचार असा होता की टाय नसतानाही पोशाख पूर्ण दिसावा. उष्ण प्रदेशांतल्या अनेक देशांनी हा प्रश्न आपापल्या रीतीने सोडवला आहे. फिलिपिन्समध्ये अननसाच्या पानांच्या तंतूंपासून विणलेला बारोंग नावाचा सदरा समारंभात चालतो, इंडोनेशियात बाटिकचा शर्ट कचेरीत मानाने घातला जातो, आणि जपान सरकारने तर २००५ पासून उन्हाळ्यात वातानुकूलन २८ अंशांवर ठेवून टाय व कोट न घालण्याची मोहीमच चालवली. आपल्याकडे बंदगळा आधीपासून आहे. फक्त तो लग्नापुरता राहिला आणि जाड, चकाकत्या कापडात अडकला. साध्या राखाडी-तपकिरी लिननमध्ये शिवलेला बंदगळा घालून मी कंपन्यांच्या खरेदी विभागांत बसलो, तेव्हा तो कोणाला लग्नातला वाटला नाही, उलट पुढच्या भेटीत लोकांनी त्यावरूनच मला ओळखले.

शिवण्याच्या बाबतीत मात्र चिकाटी लागते. आमच्या टेलर मास्तरांनी प्रथम स्पष्ट सांगितले, “अस्तर न घालता शिवलं तर आतली शिलाई दिसतीय बघा साहेब, आणि काम दुप्पट हुतंय.” त्यांचे म्हणणे खरे होते, कारण अस्तर हे आतली कच्ची शिलाई झाकण्याचे सोपे साधन आहे. ते काढले की प्रत्येक शिलाईला आतून पायपिंग करावे लागते. आम्ही शेवटी असे ठरवले की अस्तर फक्त खांद्यावर आणि बाह्यांत, तेही व्हिस्कोसचे असावे, आणि पाठ पूर्ण मोकळी राहावी. छातीला ताठपणासाठी गोंदाने चिकटवतात ते पेस्टिंग न घालता टाके घालून बसवलेला हलका कॅनव्हास घातला. पेस्टिंग हवा अडवते आणि दमट हवेत कालांतराने फुगेही धरते. मुंढा, म्हणजे बाही जोडतात तो काखेचा घेर, थोडा वर घेतल्यामुळे हात हलवताना संपूर्ण कोट ओढला जात नाही. शिलाई कापडाच्या किमतीपेक्षा जास्त पडली, तरी हा खर्च मला योग्य वाटतो.

शर्टाबद्दल थोडक्यात सांगतो. स्वातंत्र्यसैनिक गंगाधरराव देशपांडे यांच्या हुदलीत, जिथे १९३७ साली गांधीजींचा मुक्काम झाला होता, आजही खादीचे काम चालते. हातसुताचा धागा एकसारखा नसल्यामुळे कापडात बारीक फटी राहतात आणि त्यांतून हवा खेळते. कापड शिवण्याआधी भिजवून घ्यावे, नाहीतर कॉलर आटते. धुतल्यावर खळ घालू नये, कारण खळीने त्याच फटी बुजतात. आत अर्ध्या बाह्यांचे सुती बनियन घालावे. आकाशी आणि मध्यम राखाडी रंगावर घामाचे डाग लगेच उठून दिसतात, पांढऱ्यावर आणि गडद निळ्यावर ते कमी दिसतात.

आता उणीव. मे अखेरपर्यंत लिननने उत्तम साथ दिली, पण जूनपासून चित्र बदलले. लिनन ओलावा चटकन घेते, आणि भर पावसात हवाच ओली असल्यामुळे तो सोडायला त्याला वाव मिळत नाही. दुपारनंतर कोट जड होतो, कोपरांवर पडलेल्या चुण्या जात नाहीत, आणि ओलसर कोट घेऊन थंड केलेल्या बैठकीच्या खोलीत शिरले की पाठीला गारवा झोंबतो. बेळगावातही जुलै-ऑगस्टमध्ये कपाटात हवा कोंडते, त्यामुळे कॉलरच्या आतल्या बाजूला एकदा बुरशीचे ठिपके आले. डांबरगोळ्यांनी कसर लागत नाही, पण बुरशी थांबत नाही. तिच्यासाठी कोट रात्रभर पंख्याखाली वाळवूनच आत ठेवावा लागतो. त्याच दिवसांत पॅन्ट तितकीच भिजूनही अंगाला ओली लागली नाही आणि घाट चढून परत येईपर्यंत बरीचशी सुकली.

त्यामुळे लिननचा बंदगळा मी मार्च ते मे आणि पुन्हा ऑक्टोबरच्या उकाड्यासाठी ठेवणार आहे. पावसाळ्यासाठी त्याच मापाचा दुसरा बंदगळा पॅन्टच्याच जातीच्या लोकरी कापडात शिवायला टाकला आहे. त्यात बाह्यांतले अस्तरही कोपरापर्यंतच घ्यायला सांगितले आहे, आणि बाजूंचे कट दोन बोटे वाढवले आहेत, म्हणजे गाडीत बसताना मागचा घेर अंगाखाली दबणार नाही.