रागाचा चिनी पाठ: एका ऑनलाइन वर्गाविषयी अभिप्राय

यवतमाळ जिल्ह्यातील आमच्या गावात बॅटरीवर चालणारे फवारणी पंप विकताना चिनी पुरवठादारांशी संबंध येतो, म्हणून मी मोबाइलवरील एका चिनी भाषावर्गाचे शुल्क भरले आणि त्यातला राग व्यक्त करण्याचा पाठ मला सर्वांत सकस वाटला. रागावणे या अर्थाच्या ‘शंग-छी’ या शब्दात ‘छी’ म्हणजे वायू किंवा प्राणशक्ती उत्पन्न होते, हे शिक्षिकेने छान उलगडले. स्वभावाला किंवा रागीटपणाला ‘पी-छी’ म्हणतात आणि त्यातील ‘पी’ म्हणजे प्लीहा. आपण पित्त खवळले म्हणतो, ते प्लीहेवर खापर फोडतात. ‘नू’ म्हणजे क्रोध, आणि या अक्षराच्या खालच्या भागात हृदयाचे चिन्ह असते. केस ताठ उभे राहून डोक्यावरची टोपी उचलली जाते, असा एक चार अक्षरी वाक्प्रचारही आहे; आपली तळपायाची आग मस्तकात जाऊन थांबते, त्यांची त्याहून वर पोहोचते.

उणीव सुरांच्या, म्हणजे शब्दाचा अर्थ ठरवणाऱ्या आवाजाच्या चढउतारांच्या, सरावात आहे. मँडरिनमधील, म्हणजे प्रमाण चिनी भाषेतील, चौथा, वरून खाली कोसळणारा सूर मराठी कानाला मुळातच दटावल्यासारखा वाटतो, त्यामुळे सराव करताना घरच्यांना मी गड्यावर ओरडतो आहे असे वाटले, परंतु सूर आणि राग यांतील फरक पाठात कोठेही समजावलेला नाही. शिवाय निकृष्ट माल आल्यावर सभ्यपणे नाराजी कशी कळवावी, हे मला हवे होते. त्यासाठी केवळ एकच वाक्य दिले आहे. शुल्क मात्र वाजवी आहे.