खाटा मोजून कॉलेज निवडा: महाराष्ट्रातल्या नर्सिंग कॉलेजांचा आढावा

नर्सिंग कॉलेजात चौकशीला गेलं की आधी स्किल लॅब दाखवतात. तिथे पलंगावर एक पुतळा झोपलेला असतो. त्याचा हात उचलून कोपराच्या खोबणीत बघा. मुलं खरंच शिकत असतील तर रबरी कातडीवर सुयांची भोकं दिसतात, आणि रायल्स ट्यूब (नाकातून पोटात जाणारी नळी) घालून घालून नाकपुडीच्या कडा सैल झालेल्या असतात. पुतळा अजून कंपनीच्या प्लॅस्टिकमध्येच असेल, तर तो इन्स्पेक्शनपुरता आणलाय असं समजा. लॅबची किल्ली शोधायला शिपायाला किती वेळ लागतो, तेही लक्षात ठेवा.

लॅब मात्र निम्मीच गोष्ट. नर्सिंगची फी आपण भरतो ती खरं तर वॉर्डसाठी. भारतीय परिचर्या परिषदेचा नियम असा की 60 जागांपर्यंतच्या बी.एस्सी. कॉलेजला स्वतःचं निदान 100 खाटांचं हॉस्पिटल हवं आणि एका विद्यार्थ्यामागे तीन पेशंट हवेत. आता गणित मांडा. 60 जागा, चार वर्षं, म्हणजे 240 मुलं. त्यातली निम्मी सकाळी पोस्टिंगला, म्हणजे वॉर्डातल्या प्रत्यक्ष कामाला असतील, तर वॉर्डात 120 जण आणि त्यांना 360 पेशंट हवेत. स्वतःच्या 100 खाटांतल्या 75 भरलेल्या असल्या तरी बाकीचे पेशंट बाहेरच्या संलग्न हॉस्पिटलांतूनच येणार. ती हॉस्पिटलं कोणती, किती लांब, आणि यंदाचं परवानगी पत्र आहे का, हे विचारा. ‘जिल्हा रुग्णालय आहे आपल्याकडे’ एवढ्या उत्तरावर थांबू नका, कारण त्याच जिल्हा रुग्णालयात आणखी चार कॉलेजांच्या मुली उभ्या असतात.

पेशंट कमी पडले की काय होतं? एका खाटेभोवती पाच ॲप्रन जमतात. एक जण बी.पी. घेते, उरलेल्या चौघी आकडा लिहून घेतात. नर्सिंग केअर प्लॅन, म्हणजे पेशंटच्या शुश्रूषेची लेखी आखणी, सीनियरच्या जर्नलवरून उतरवला जातो. तिसऱ्या वर्षापर्यंत एकदाही स्वतःच्या हाताने कॅथेटर (लघवीची नळी) न घातलेली मुलगी मग नोकरीच्या पहिल्याच नाइटला एकटी तीस पेशंट सांभाळते.

म्हणून कॉलेज बघायला जाल तेव्हा त्यांचं हॉस्पिटलही बघा, तेही पेशंटला भेटण्याच्या वेळेत आणि न कळवता. मेडिसिन, सर्जरी आणि प्रसूती या तीन वॉर्डांच्या दारातून खाटा मोजल्या तरी पुरे. ओ.पी.डी.तल्या गर्दीवर जाऊ नका, शिक्षण भरती झालेल्या पेशंटवर होतं. वॉर्डच्या सिस्टरना एकच प्रश्न विचारा: ‘मुलींबरोबर मॅडम किती वेळ थांबतात?’ दहा विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक हे प्रमाण आहे, म्हणजे 240 मुलांना 24 शिक्षक. कॉलेजच्या बोर्डवर तेवढी नावं असतीलच. शेवटच्या वर्षाच्या मुलांना आपल्या शिक्षकांची नावं सांगायला लावा. दहाव्या नावाला ती अडखळली, तर बाकीची नावं कुठे शिकवतात हे कळायला वेळ लागणार नाही.

दोन पोस्टिंगची चौकशी वेगळी करा. पहिली लेबर रूमची. ठरावीक संख्येने बाळंतपणं स्वतः करून केसबुकात नोंदवावी लागतात. हॉस्पिटलात महिन्याला किती बाळंतपणं होतात आणि त्यांतली किती नॉर्मल, हा आकडा मागा. सिझेरियनच जास्त असतील तर शेवटच्या महिन्यात केसबुक भरण्याची धावपळ ठरलेलीच. दुसरी मनोरुग्णालयाची. राज्यातली सरकारी प्रादेशिक मनोरुग्णालयं ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरीला आहेत. लांबच्या जिल्ह्यातल्या कॉलेजांना तिथे किंवा एखाद्या खासगी मनोरुग्णालयात मुलं न्यावी लागतात. तिथल्या राहण्याचा आणि खाण्याचा खर्च फीमध्ये धरलाय का, हे लेखी घ्या.

आता कॉलेजांच्या प्रकारांविषयी.

मेडिकल कॉलेजला जोडलेली सरकारी आणि महापालिकेची कॉलेजं हाताला वळण लागण्याच्या बाबतीत पहिल्या नंबरावर. मुंबईचं जे.जे. घ्या किंवा गोव्यातली बांबोळीची इन्स्टिट्यूट ऑफ नर्सिंग एज्युकेशन, शेजारी चालतं मोठं हॉस्पिटल असल्याने इथे केस शोधत फिरावं लागत नाही. फीही अगदी कमी. उणी बाजू ही की मनुष्यबळ अपुरं असलं की विद्यार्थ्यांनाच कामाला जुंपतात. सॅम्पल लॅबला नेणं, रजिस्टर भरणं, नातेवाइकांना रक्तपेढीकडे पाठवणं यातच सकाळ निघून जाते. हॉस्टेलला खोलीत दाटी असते. तरीही मेरिटमध्ये इथे नंबर लागत असेल तर दुसरीकडे बघू नका.

कॉर्पोरेट हॉस्पिटलच्या कॉलेजांत मशीन नवी, प्रोटोकॉल पक्के, इन्फेक्शन कंट्रोल कडक. पण पैसे भरणारा पेशंट शिकाऊ हाताला सुई लावू देत नाही. बराच काळ नुसतं बघण्यात जातो. आय.सी.यू.त पुढे काम करायचं असेल तर याचा फायदा आहे, मात्र पहिली दोन वर्षं मूलभूत प्रोसिजरसाठी कुठे नेतात ते विचारून घ्या.

जुनी मिशन आणि ट्रस्टची हॉस्पिटलं, मिरजेच्या वानलेससारखी, यांची शिस्तीची परंपरा मोठी. बेडशीटचा कोपरा नीट दुमडला नाही तर पुन्हा घालायला लावतात. अशा ठिकाणी आज खाटा किती भरतात एवढंच तपासा, नावाच्या पुण्याईवर जाऊ नका.

चौथा प्रकार सर्वांत जास्त सापडतो: एकाच ट्रस्टचं, एकाच इमारतीत ए.एन.एम. (सहायक परिचारिका-प्रसविका), जी.एन.एम. (सामान्य परिचर्या व प्रसविका) आणि बी.एस्सी., शेजारी फार्मसी आणि आय.टी.आय. यात काही चांगली निघतात, काही टाळावीत अशी. वरची खाटांची मोजदाद मुख्यतः यांच्यासाठीच आहे.

कोर्स कोणता घ्यावा? ए.एन.एम. दोन वर्षांचा. त्याने रजिस्ट्रेशन मिळतं, पण ते स्टाफ नर्सचं नाही. जी.एन.एम. तीन वर्षांचं, त्याला आर्ट्स-कॉमर्सवालेही चालतात, बारावीला 40 टक्के आणि इंग्रजी विषय हवा. बी.एस्सी. चार वर्षांचं, बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी आणि खुल्या वर्गाला 45 टक्के. जी.एन.एम. आणि बी.एस्सी. या दोन्हींनी महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे नोंदणीकृत परिचारिका म्हणून नाव लागतं. फरक पुढे दिसतो. एम्सच्या नॉरसेट या नर्सभरतीच्या परीक्षेला बी.एस्सी.वाले थेट बसतात, जी.एन.एम.वाल्यांना निदान 50 खाटांच्या हॉस्पिटलातला दोन वर्षांचा अनुभव लागतो. जी.एन.एम. करून पोस्ट बेसिक बी.एस्सी. (जी.एन.एम.नंतरची पदवी) केलं तर एकूण पाच वर्षं जातात. बायोलॉजी असेल आणि घरून चार वर्षं झेपत असतील, तर सरळ बी.एस्सी. करा. ‘एक वर्षाचा नर्सिंग डिप्लोमा’, ‘पेशंट केअर असिस्टंट’ अशा जाहिरातींतल्या कोर्सनी परिषदेत नोंदणी होत नाही. बोर्डवर पांढरी टोपी घातलेल्या मुलीचा फोटो असला तरी.

मान्यतेची तपासणी पाच मिनिटांची आहे, तरी लोक ती करत नाहीत. बी.एस्सी.साठी नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या यादीत, जी.एन.एम.साठी महाराष्ट्र राज्य शुश्रूषा व परावैद्यक शिक्षण मंडळाच्या यादीत नाव बघा. तीन गोष्टी जुळल्या पाहिजेत: संस्थेचं पूर्ण नाव आणि तालुका, यंदाचं शैक्षणिक वर्ष, आणि मंजूर जागा. सारख्या नावाच्या संस्था खूप आहेत. जी.एन.एम.ची मान्यता दाखवून बी.एस्सी.चा प्रवेश देणं हा जुना डाव आहे. प्रत्येक कोर्सची परवानगी वेगळी असते आणि ‘प्रस्ताव मंत्रालयात आहे’ म्हणजे परवानगी नव्हे.

पैशाचं बोलायचं तर खासगी बी.एस्सी. कॉलेजची फी शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं. तो आकडा आधी काढून ठेवा, मग कॉलेजचा ऐका. त्यावर युनिफॉर्म, जर्नल, बस, परीक्षा फी आणि हॉस्टेल असतं, ते चार वर्षांचं एकत्र मांडा. कुटुंबाचं उत्पन्न 8 लाखांच्या आत असलेल्या ओ.बी.सी., एस.ई.बी.सी. आणि ई.डब्ल्यू.एस. मुलींना 2024-25 पासून शिक्षण शुल्काची 100 टक्के सवलत आहे, पण ती राज्याच्या सी.ई.टी. (प्रवेश परीक्षा) कक्षाच्या केंद्रीय फेरीतून प्रवेश घेतला तरच. एजंटने मॅनेजमेंट कोट्यात बसवलं की ही सवलत गेली. ‘फेरीत कशाला जाता, इथे सीट पक्की करून देतो’ याची किंमत एवढी असते.

राहिला ‘नॉन-अटेंडिंग’चा मामला. परराज्यातल्या कॉलेजात नाव घालायचं, परीक्षेपुरतं जायचं, बाकी वेळ गावातल्या हॉस्पिटलात नोकरी करायची. डिग्रीसाठी थिअरीची 80 टक्के आणि क्लिनिकलची 100 टक्के हजेरी लागते, म्हणजे ही हजेरी कुणीतरी खोटी मांडलेली असते. त्याची झळ उशिरा बसते. महाराष्ट्रात नोंदणी करताना मूळ राज्याच्या परिषदेकडून पडताळणी होते. अमेरिकेच्या एन.सी.एल.ई.एक्स. या नर्स-परवाना परीक्षेसाठी किंवा ब्रिटनच्या नोंदणीसाठी अर्ज केला की कॉलेजकडून थेट कागद मागवतात. अमेरिकेसाठी तर विषयवार थिअरी आणि क्लिनिकलचे तास लागतात. ज्या कॉलेजात आपण बसलोच नाही, ते दहा वर्षांनी सीलबंद ट्रान्सक्रिप्ट (विषय आणि गुणांचा अधिकृत उतारा) कशाला पाठवेल?

नियमित शिकणाऱ्यांनीही ट्रान्सक्रिप्टची चौकशी प्रवेशाआधीच करावी: किती दिवसांत देतात आणि किती पैसे घेतात. उत्तर ऑफिसातल्या क्लार्कपेक्षा दोन वर्षांपूर्वी पास झालेल्या मुलींकडून खरं मिळतं, त्या हमखास जवळच्या हॉस्पिटलात ड्युटीवर भेटतात. मूळ कागदपत्रं जमा करताना प्रत्येक कागदाचं नाव लिहिलेली, शिक्का मारलेली पोच घ्या. प्रवेश रद्द करण्याची शेवटची तारीखही त्याच पोचेवर लिहून घ्या.