संदर्भ गट गेला कुठे? सर्व्हे रिग्रेशनच्या आलेखांसाठी ‘आर’ वापरल्याचा अनुभव

कार्यालयातील स्टेटा या सांख्यिकी सॉफ्टवेअरच्या परवान्याचे नूतनीकरण लेखा विभागात अडकले आणि राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीवरील (२०१९-२१) अर्धवट काम घेऊन मला ‘आर’ या सांख्यिकी संगणकभाषेकडे वळावे लागले. पदरचे पैसे घालून परवाना घेण्याची माझी तयारी नव्हती आणि ‘आर’ला एक रुपयाही पडत नाही, हे या निर्णयामागचे खरे कारण.

‘आर’मधील ‘सर्व्हे’ या सर्वेक्षण-विश्लेषणाच्या पॅकेजविषयी (जोडसंचाविषयी) माझी तक्रार नाही. व्ही००५ या नमुना-वजनाच्या रकान्याला दहा लाखांनी भागून वजन काढले, समूह आणि स्तर सांगून डिझाइन (नमुना कसा निवडला याचे वर्णन) बांधले, की पुढचे रिग्रेशनचे, म्हणजे घटकांमधील संबंध मोजण्याचे, गणित बिनबोभाट होते. फक्त १५ ते २४ वयोगट हवा असेल, तर विदेतील बाकीच्या ओळी आधीच गाळून न टाकता डिझाइनचाच उपसंच घ्यावा, नाहीतर प्रमाण त्रुटी (अंदाजातील अनिश्चिततेचे माप) चुकू शकतात. वैताग सुरू होतो तो यानंतर, ‘ब्रूम’ पॅकेजच्या टायडी या फंक्शनने निकालाचा तक्ता काढल्यावर.

त्या तक्त्यात संदर्भ गटाची ओळच नसते. संपत्ती निर्देशांकाचे पाच गट असताना चारच ओळी येतात, आणि ज्याच्याशी तुलना केली तो ‘पुअरेस्ट’ गट आलेखातूनही गायब होतो. ऑड्स रेशो (दोन गटांतील शक्यतांचे गुणोत्तर; १ म्हणजे फरक नाही) २ आहे हे वाचकाला दिसते, पण कोणाच्या तुलनेत, हे कळण्यासाठी त्याला तळटीप शोधावी लागते. स्टेटाच्या कोएफप्लॉट या आलेखाच्या आज्ञेमध्ये ‘बेसलेव्हल्स’ हा एक शब्द लिहिला की ती ओळ हजर होत असे. इकडे मी प्रत्येक चलासाठी (व्हेरिएबलसाठी) १ किमतीची ओळ हाताने घालत बसलो. भरीला गटांची नावे चलाच्या नावाला चिकटून येतात. ती सोडवून साधा मजकूर म्हणून ठेवली, तर ‘आर’चे आलेखांचे पॅकेज जीजीप्लॉट त्यांची वर्णानुक्रमे मांडणी करते आणि मिडल, पुअरर, पुअरेस्ट, रिचर, रिचेस्ट अशी अजब सामाजिक उतरंड तयार होते.

‘ब्रूम.हेल्पर्स’ हे पॅकेज हाती लागल्यावर माझे मत बरेच बदलले. त्यातील टायडी प्लस प्लस हे फंक्शन संदर्भ ओळ घालते, घातांकी रूप (लॉग मापातील सहगुणकाचा ऑड्स रेशो) मागितल्यास तिची किंमत १ ठेवते आणि चल व गट वेगळे करून देते. ही सोय मूळ टायडीतच का नसावी, हा प्रश्न मात्र मला अजूनही छळतो.

एका गोष्टीकडे विशेष लक्ष द्यावे. टायडीकडून घातांकी रूप घेतले, तरी प्रमाण त्रुटीचा रकाना लॉग मापातच राहतो. समजा सहगुणक ०.६९ आणि प्रमाण त्रुटी ०.२० आहे. ९५ टक्के कॉन्फिडन्स इंटरव्हल (अंदाजाच्या खालच्या-वरच्या मर्यादा) लॉग मापात काढून मग घातांक घेतला, तर ऑड्स रेशो सुमारे २ आणि मर्यादा १.३५ ते २.९५ येतात; पण त्याच रकान्यातील आकड्याची १.९६ पट थेट २ मध्ये मिळवली-वजा केली, तर १.६१ ते २.३९ असा खोटा नेमकेपणा आलेखात उतरतो. म्हणून मर्यादा टायडीकडूनच मागवाव्यात, आणि आडवा अक्ष लॉग ठेवावा, म्हणजे ०.५ आणि २ हे १ पासून सारख्याच अंतरावर दिसतात.

परवाना आता आला, तरी आलेखांसाठी मी परत जाणार नाही. उभ्या अक्षावर पहिला गट तळाशी ठेवण्याची जीजीप्लॉटची खोड मात्र कायम आहे, त्यामुळे क्रम उलटवणारी एक ओळ माझ्या प्रत्येक स्क्रिप्टमध्ये असतेच.