हेडलाइटमधलं पाणी, पासिंग आणि चिपळूणचं एक वर्कशॉप

पाचपैकी चार स्टार. एक का कापला ते पुढे येईलच.

माझी वॅगन आर जुलै २०१० ची, पेट्रोल. २०२५ च्या जुलैत पंधरा वर्षं भरली, म्हणजे पुढची पाच वर्षं चालवायची तर आरटीओचं पासिंग आलंच. फॉर्म २५ भरला, ₹५,००० फी भरली, पीयूसी, इन्शुरन्स, पेन्सिलीने घासून काढलेला चेसिस नंबरचा ठसा, सगळं फायलीत लावून नेलं. आणि गाडी अडली ती उजव्या हेडलाइटपाशी. आत पाणी. नुसता ओलावा नव्हे, ब्रेक मारला की हलताना दिसायचं. साहेबांनी दिवे लावायला सांगितले, तर समोरच्या भिंतीवर डावीकडे जेमतेम उजेड आणि उजवीकडे नुसता पांढरा फराटा. "मॅडम, उजेड कुठे पडतोय ते बघा. लाइट करून आणा, आणि हे एलईडी काढून साधे बल्ब टाका." भिंत मलाही दिसत होती, वाद काय घालणार!

मग घरगुती उपाय झाले. केस वाळवायचा ड्रायर अर्धा तास धरला, दुसऱ्या दिवशी पुन्हा दव. भाऊ म्हणाला उन्हात उभी कर. जुलैत, चिपळुणात! एक मेकॅनिक तर ड्रिल घेऊनच आला, खालून भोक पाडतो म्हणाला. पाणी जाईल तिथून, पण येईलही तिथूनच. नको म्हटलं.

हायवेलगतचं हे वर्कशॉप फक्त हेडलाइटचं काम करतं. पत्र्याची शेड, दोन माणसं, एक जुना ओव्हन. दादांनी आधी काहीच उघडलं नाही. दिवे लावून वीस मिनिटं गाडी उभी केली. डावीकडचं दव बरंचसं विरलं, उजवीकडचे थेंब तसेच. "ताई, हेडलाइट श्वास घेतो. तापला की आतली हवा बाहेर, निवला की बाहेरची आत. त्यासाठी मागे बारीक नळी असते. दव येऊन गेलं तर चालतं, साचलं तर गळती." डाव्याची ती नळी काढली, तर कुंभारीण माशीने मातीने लिंपून टाकलेली! गेल्या उन्हाळ्यात गाडी महिनाभर अंगणात उभी होती, तेवढ्यात बाईंनी संसार थाटला.

उजव्याचं दुखणं मात्र मी पैसे मोजून आणलेलं. दोन वर्षांपूर्वी एका ॲक्सेसरीजच्या दुकानात एलईडी बसवून घेतले होते. त्यांच्या मागच्या पंख्याला जागा हवी म्हणून तिथल्या पोराने उजव्या बल्बमागची रबरी टोपी सरळ कात्रीने कापली होती. मला तेव्हा कळलंही नाही. वर एलईडीने हेडलाइटची काच साध्या बल्बइतकी तापत नाही, त्यामुळे आत शिरलेलं पाणी वाळायचंही नाव घेत नाही.

उजवा दिवा सोडवून ओव्हनमध्ये गेला. दहाएक मिनिटांनी काढून दोघांनी दोन बाजूंनी हळूहळू ओढला, तेव्हा काच आणि डब्बा यांच्यामध्ये काळ्या चिकट पदार्थाच्या तारा निघाल्या. मी घरी चिक्की करून विकते, पाक हातचा आहे, तरी इतकी लांब तार मला कधी जमली नाही. काच म्हणायची ती, असतं प्लास्टिकच. आत रिफ्लेक्टरवर खाली बोटभर चांदी उडाली होती, ती परत येत नाही हे त्यांनी आधीच सांगितलं. जुना चिकटा खरवडून नवा ब्यूटाइल रबराचा चिकट पट्टा भरला. सिलिकॉन का नाही विचारलं, तर म्हणाले, व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन आत वाफ सोडतं आणि उरलेली चांदीही काळवंडते. मग नळीची तोंडं अंगठ्याने दाबून दिवा बादलीत बुडवला, पंक्चरवाला ट्यूब बुडवतो तसा. एका कोपऱ्यातून बुडबुडा आला. पुन्हा ओव्हन, पुन्हा बादली. त्यानंतर नवी रबरी टोपी आणि साधे एच ४ बल्ब, ६०/५५ वॅटचे. शेवटी भिंतीसमोर गाडी उभी करून स्क्रूने उजेडाची उंची लावून दिली.

दोन्ही दिव्यांचे मिळून ₹१,६०० झाले. नवा दिवा एकाच बाजूचा दुकानात ₹२,८०० सांगत होते.

आता कापलेला स्टार. "संध्याकाळी न्या" म्हणाले आणि गाडी मिळाली तिसऱ्या दिवशी, तीही मी चारदा फोन केल्यावर. बिल मागितलं तर बल्बच्या खोक्यामागे आकडा लिहून दिला. वॉरंटी तोंडी, "एक पावसाळा". बसायला एक स्टूल, त्यावर मांजर.

पुढच्या आठवड्यात गाडी पास झाली. परवा कुंभार्ली घाटातून येताना धो-धो पाऊस होता. घरी आल्यावर टॉर्च मारून बघितलं, उजवा कोरडा. डाव्यात वरच्या कोपऱ्यात नखाएवढं दव होतं, चहा होईपर्यंत गेलं. जाणार असाल तर सकाळी दहाच्या आत जा आणि कापलेली रबरी टोपी असेल तर आधी फोनवर सांगा, माझी खेडहून मागवावी लागली.