तुरुंगाचा दाखला की सहबंद्याचं प्रमाणपत्र?

चिमूर-आष्टीकडच्या घरांत बेचाळीसच्या तुरुंगवासाच्या गोष्टी ढीगभर, कागद मात्र क्वचितच. केंद्राच्या स्वातंत्र्यसैनिक सन्मान पेन्शनला किमान ६ महिन्यांची कैद दाखवावी लागते. महिला आणि अनुसूचित जाती-जमातींना ३ महिन्यांची. तुरुंगाचा दाखला मिळाला तर भांडणच मिटलं: आत गेल्याची, सुटल्याची तारीख एकाच कागदावर. रजिस्टर वाळवीनं खाल्लं असेल, तर रेकॉर्ड नसल्याचा दाखला घ्यायचा आणि दोन सहबंद्यांची प्रमाणपत्रं जोडायची. पण त्या प्रत्येक सहबंद्याचा स्वतःचा किमान वर्षभराचा तुरुंगवास सिद्ध झालेला हवा, शिवाय तो त्याच वेळी तिथंच असायला हवा. अशी माणसं आता आणायची कुठून? जुन्या फायलीत तेव्हाच दिलेली प्रमाणपत्रं सापडली तर नशीब. म्हणून बाप्पा, आधी तुरुंगाचंच दार ठोठवा. आजोबांचं नाव वडिलांच्या नावासकट जुळतं का, तेही तिथंच बघून घ्या.