एक दिवस, एक बस: माशिको की कासामा?

टोकियोच्या निशी-कासाईत राहणाऱ्या माझ्या एका मैत्रिणीचा एप्रिल लागला की ठरलेला प्रश्न येतो. "गोल्डन वीकमध्ये एकच दिवस मोकळा आहे, भांड्यांच्या बाजाराला जायचंय. माशिको की कासामा?" मागच्या खेपेला मी तिला नऊ मिनिटांचा व्हॉइस मेसेज पाठवला होता. तिने तो ऐकलाच नाही, म्हणून आता लिहूनच काढते. (गोल्डन वीक म्हणजे एप्रिलअखेर ते मेच्या सुरुवातीचा जपानी सुट्ट्यांचा आठवडा.)

दोन्ही गावं टोकियोच्या ईशान्येला. माशिको तोचिगी प्रांतात, कासामा इबाराकीत. मध्ये डोंगरांची एक बुटकी रांग, बस्स. दोन्हीकडे जाणारी बसही एकच: अकिहाबाराहून सुटणारी 'कांतो याकिमोनो लायनर'. याकिमोनो म्हणजे भाजलेली वस्तू, मातीची भांडी. बसचं नावच भांड्यांवरून ठेवलंय, यावरून त्या भागात दुसरं काय चालतं ते कळावं. बस आधी कासामाला पोचते, पावणेदोन तासांच्या आसपास. तीच पुढे माशिकोला जाते, साधारण अडीच तासांत. एका बाजूचं तिकीट 2000 येनच्या आगेमागे, माशिकोचं थोडं जास्त. निशी-कासाईकरांना सोपं आहे: तोझाई लाइनने कायाबाचो, तिथे हिबिया लाइन पकडली की थेट अकिहाबारा.

एकाच बसवर दोन्ही गावं आहेत म्हटल्यावर कुणाच्याही डोक्यात येतं ते माझ्याही आलं होतं. सकाळी कासामा, दुपारी माशिको, संध्याकाळी घरी! करू नका. मी केलं. कासामात नुकता हात बसायला लागला होता, कुठल्या मंडपात काय आहे ते कळायला लागलं होतं, तेवढ्यात निघायची वेळ झाली. माशिकोला पोचले तेव्हा परतीच्या बसला दीड तास उरला होता. दोन्हीकडून मिळून हाती आली एक चहाची वाटी, आणि तीही घाईत घेतलेली. घरी येऊन टेबलावर ठेवली तर डुगडुगते.

आधी तारखा बघा, निम्मा निर्णय तिथेच होतो

माशिकोचा बाजार वर्षातून दोनदा भरतो. एकदा एप्रिलअखेर ते मेच्या सुरुवातीला आणि एकदा 3 नोव्हेंबरच्या सुट्टीच्या आसपास. 1966 पासून तो चालत आलाय. कासामाचा मोठा बाजार, 'हिमात्सुरी', 1982 साली सुरू झाला आणि तो वसंतातच असतो, 29 एप्रिल ते 5 मे. त्यामुळे तुमची सुट्टी नोव्हेंबरात असेल तर पुढचं वाचायची गरज नाही, माशिकोला जा. हवाही छान असते.

वसंतात जाणार असाल तर 1 किंवा 2 मे गाठा. आपला महाराष्ट्र दिन जपानी कॅलेंडरवर लाल नसतो, आठवड्याच्या मध्ये आला तर बहुतेक लोक कामावर असतात. 3 ते 5 मे या सलग सुट्ट्यांमध्ये महामार्गावर बस तुंबते. अडीच तासांचे चार होतात आणि तुमच्या हातातला बाजार आटतो.

माशिको: गावच बाजार होतं

इथे बाजारासाठी वेगळं मैदान नाही. जोनाइझाका नावाच्या चढाच्या रस्त्यावर कायमची दुकानं आहेत, पन्नासेक असतील. बाजाराच्या दिवसांत त्यांच्या पुढ्यात, मागच्या अंगणात, मोकळ्या प्लॉटवर मिळून सुमारे 500 तंबू पडतात. स्टेशनवरून बाजाराच्या तोंडाशी यायलाच पायी पंधरा-वीस मिनिटं, तिथून पुढे खरं चालणं सुरू. सहकारी विक्रीकेंद्राच्या आवारात एका अवाढव्य तानुकीचा, म्हणजे कोल्ह्यासारख्या जपानी प्राण्याचा, पुतळा उभा आहे, पोट पुढे काढलेला. चुकामूक झाली तर त्याच्या पायाशी भेटायचं, हे बसमध्येच ठरवून ठेवा.

माशिकोचं नाव झालं ते हामादा शोजी या कुंभारामुळे. इंग्लंडमध्ये बर्नार्ड लीच या इंग्लिश कुंभाराबरोबर भट्टी उभारून ते जपानला परतले आणि 1924 मध्ये या गावात आले. तोवर इथले कुंभार टोकियोच्या स्वयंपाकघरांसाठी रांजण, बरण्या, किटल्या असला रोजचा माल करायचे. हामादांनी तीच माती, तेच ग्लेझ (भांड्यावरचा काचेसारखा लेप) घेतलं आणि रोजच्या भांड्यात सौंदर्य असतं हे जगाला दाखवून दिलं. 1955 मध्ये सरकारने त्यांना 'जिवंत राष्ट्रीय ठेवा' ठरवलं. त्यांचं जुनं घर आणि डोंगरउतारावर पायऱ्यापायऱ्यांनी चढत जाणारी भट्टी गावातच बघायला मिळते. वेळ काढाच, अर्धा तास पुरतो.

पण विकत घेणाऱ्याला महत्त्वाची आहे ती माती. माशिकोची माती भरड, वाळू असलेली. त्यामुळे भांडी जाड आणि जड. कडेला टवका उडायची भीतीही जास्त. ग्लेझ मात्र जिवाला वेड लावणारं. 'काकी', म्हणजे पिकल्या पर्सिमन फळाचा लालसर तपकिरी रंग, जवळच्या आशिनुमाच्या दगडाची पूड करून बनवतात. 'नुकाजिरो' हा दुधाळ पांढरा रंग भाताच्या तुसाच्या राखेतून येतो. भाताचं तूस म्हणजे काय ते कोकणातल्या माणसाला वेगळं सांगायला नको, पण राखेचा असा रंग होतो हे मलाही इथेच कळलं.

आता मराठी घरासाठी सगळ्यात कामाची गोष्ट: हळद. पांढऱ्या, बारीक जाळी पडलेल्या ग्लेझवर वरण वाढलंत की दोन आठवड्यांत त्या जाळीतून पिवळे धागे दिसायला लागतात, आणि ते जात नाहीत. माझी एक नुकाजिरो ताटली आता कायमची वसंतपंचमी साजरी करते. काकी रंगावर काही म्हणजे काही दिसत नाही. रोज आमटी-भाजी वाढायला ताटल्या हव्या असतील तर डोळे मिटून माशिको आणि काकी.

टोकियोतल्या बऱ्याच घरांत माशिकोचं एक भांडं नकळत आलेलं असतं. योकोकावा स्टेशनवर 1958 पासून मिळणारा 'तोगे नो कामामेशी' हा भाताचा डबा माशिकोच्या मातीच्या हंडीत येतो. भात संपल्यावर लोक हंडी घरी नेतात. त्यात एका माणसापुरता भात सुरेख होतो.

कासामा: करणारा समोर उभा

वयाने कासामा मोठं. इथली कुंभारकी अठराव्या शतकातली, शिगाराकी या जुन्या कुंभारगावच्या एका कारागिराकडून शिकून सुरू झालेली. इथे काम शिकलेले ओत्सुका केइझाबुरो यांनी 1853 मध्ये माशिकोत भट्टी लावली. म्हणजे माशिको धाकटी बहीण, आणि नेहमीप्रमाणे नाव धाकटीचंच जास्त झालं. 2020 मध्ये दोघींना मिळून 'जपान वारसा' हा मान मिळाला, तोही 'कासामाशिको' अशा जोडनावाने.

हिमात्सुरी भरते ती 'कलेचं रान' अशा नावाच्या मोठ्या उद्यानात. 200 हून जास्त कुंभार आणि भट्ट्या, सगळे एका आवारात, आणि बहुतेक मंडपांत विकायला स्वतः करणारा माणूस बसलेला. मला कासामा आवडतं ते याच कारणासाठी. एका मंडपात मी एक मग उलटा करून त्याचं बूड बघत होते. समोरच्या तरुणाने न बोलता तो माझ्या हातातून घेतला, अंगठा बुडाच्या कडेवरून फिरवला, मान हलवली आणि खालून दुसरा काढून दिला. पहिल्याची कड खरखरीत राहिली होती, टेबलावर ओरखडे पडले असते. असं दुकानातला विक्रेता करत नाही.

कासामाची माती बारीक, चिकट आणि भाजल्यावर चिवट. कधीकाळी इथून बरण्या आणि खलबत्ते जायचे. आता मात्र कासामाची म्हणून एक ठरलेली शैली नाही, ज्याला जे सुचतं ते तो करतो. हे कुणाला स्वातंत्र्य वाटेल, कुणाला गोंधळ. माझ्या नवऱ्याला गोंधळ वाटला. 'माशिकोचं भांडं' लांबून ओळखता येतं, कासामाचं विचारावं लागतं. पण याच मोकळेपणातून मात्सुई कोसेइ यांच्यासारखा माणूस निघाला. वेगवेगळ्या रंगांच्या मातीचे थर एकत्र मळून भांड्याच्या अंगातच नक्षी उठवायची, ही 'नेरिआगे' पद्धत. कासामाच्या एका देवळाचे ते पुजारी होते, 1993 मध्ये तेही 'जिवंत राष्ट्रीय ठेवा' झाले. उद्यानातच सिरॅमिकचं प्रांतीय संग्रहालय आहे. पाऊस आला तर सरळ आत शिरा.

लहान मुलं बरोबर असतील तर मी चर्चाच करणार नाही, कासामा. गवत आहे, पळायला जागा आहे, शेजारी स्केटबोर्डचं मोठं मैदान आहे. माशिकोच्या अरुंद तंबूंत, कोपराच्या उंचीवर मांडलेल्या हजारो भांड्यांमधून तीन वर्षांचं मूल घेऊन जाणं म्हणजे पालकांची परीक्षा. मी ती दिलीय, आणि एका फुटलेल्या वाटीचे पैसेही भरलेत.

कासामाला आणखी एक गोष्ट आहे, इनारी या देवाचं मोठं देऊळ. मेच्या सुरुवातीला तिथल्या जुन्या फुजीच्या, म्हणजे विस्टेरियाच्या, वेलींना जांभळे घोस लागतात. बाजाराला जोडून तासाभरात होतं.

खाण्याचं दोन्हीकडे सारखंच संकट: शाकाहारी म्हणून जे दिसतं त्यात दाशी, म्हणजे माशाचं सार, असतं. कासामाची इनारीझुशी, तळलेल्या तोफूच्या पिशवीत भात किंवा सोबा, बघायला निर्धोक वाटते, पण ती पिशवीही अनेकदा दाशीत शिजवलेली असते. कडक पाळणाऱ्यांनी दशम्या आणि चटणी बांधून न्यावी. न पाळणाऱ्यांनी हिमात्सुरीत जेवावं, कुंभारांनीच चालवलेल्या गाड्यांवर जेवण त्यांच्याच भांड्यांत मिळतं.

कंपनीची टूर बस?

तिसरा पर्याय म्हणून सहल कंपन्यांच्या दिवसभराच्या बसही माशिकोला नेतात, बहुतेकदा स्ट्रॉबेरी किंवा फुजीची बाग जोडून. मी एकदा गेले. बाजारात दोन तास, महामार्गावरच्या गिफ्ट शॉपमध्ये पन्नास मिनिटं. गाइडबाई छत्री उंचावून पुढे, आम्ही मागे. ज्या तंबूत आम्हाला थांबायचं होतं तिथे थांबता आलं नाही. भाषा अजिबात येत नसेल, वयस्कर आई-वडील बरोबर असतील आणि फुलंच जास्त बघायची असतील, तरच याचा विचार करा. भांडी हवी असतील तर नको.

पैसे आणि वजन

रोख न्या, 1000 च्या नोटांमध्ये. दोन्हीकडे मगाला साधारण 2000 ते 4000 येन पडतात. सासूबाईंसमोर त्याचे रुपये करू नका. घासाघीस चालत नाही. पण तंबूच्या खाली, कोपऱ्यात ठेवलेलं खोकं शोधा: त्यात 'बी-हिन' असतात, भट्टीत रंग जरा ओघळलेली किंवा किंचित वाकलेली भांडी, निम्म्या-पाव किमतीत. असली खोकी मला माशिकोत जास्त सापडलीत, शेवटच्या दुपारी तर हमखास. उलट एखाद्या नावाजलेल्या कुंभाराचंच काही हवं असेल तर पहिल्या दिवशी सकाळी रांगेत उभं राहावं लागतं, आणि टोकियोहून सकाळच्या बसने निघालेला माणूस त्या रांगेत उशिराच पोचतो.

घेण्याआधी भांडं सपाट जागेवर ठेवून एका बोटाने हलवून बघा. मग बोटाच्या पेराने टिचकी मारा. खणखणीत वाजलं तर ठीक, बद्द आवाज आला तर कुठेतरी तडा आहे. बसमध्ये पिशवी पायाशी ठेवा, खालच्या सामानाच्या कप्प्यात देऊ नका. जुना टॉवेल घरून नेला असेल तर वर्तमानपत्रापेक्षा तो बरा. माशिकोची सहा भांडी कासामाच्या आठ-नऊ भांड्यांइतकी वजनाला भरतात, हे माझ्या खांद्याचं मोजमाप. आणि परतीच्या शेवटच्या बसची वेळ सकाळी उतरल्या उतरल्या थांब्यावरूनच फोटो काढून ठेवा. माशिकोच्या फेऱ्या कमी आहेत. ती चुकली तर मोओका रेल्वेची छोटी डिझेल गाडी, मग शिमोदातेला गाडी बदला, मग ओयामाला बदला, आणि हे सगळं मांडीवर काचसामान घेऊन.

एकटी जाणार असेन, दिवसभर चालायची तयारी असेल, तर मी माशिको निवडते. कुणाला बरोबर नेणार असेन तर कासामा. मैत्रिणीला हे पाठवलं तर तिचं उत्तर आलं: "सासूबाई येतायत साताऱ्याहून. गुडघे दुखतात. आणि त्यांना तिळाचं कूट करायला ते रेघांचं भांडं हवंय." म्हणजे सुरिबाची. मग कासामाच. 1 मेची सकाळची बस ठरली आहे. तिला एवढंच कळवलंय की भांडं घरी आणल्यावर लगेच वापरू नकोस, तांदळाच्या धुवणात मंद आचेवर वीस मिनिटं उकळ आणि त्यातच गार होऊ दे. सासूबाईंना सांगायची गरज नाही, त्या मातीच्या भांड्याला पेज लावूनच मोठ्या झाल्यात.