गुणांसाठी केलेला कोर्स, एक पावसाळा उलटल्यावर

मी अंध व्यक्तींना पांढरी काठी घेऊन चालायला शिकवते. त्याच शिकवण्याचा हा कोर्स मे महिन्यात केला, आता जानेवारी संपत आला. आधीच सांगते, मी गेले ती गुणांसाठी. आमच्यासारख्यांची भारतीय पुनर्वास परिषदेकडची नोंदणी दर 5 वर्षांनी नूतनीकरणाला येते आणि सीआरईचे (काम करता करता पुढचं शिक्षण घेत राहिल्याचे) गुण कमी पडले की शेवटच्या महिन्यात तारांबळ उडते. रत्नागिरीहून असं काही करायचं तर मुंबई नाहीतर पुणं गाठा. हा 6 आठवडे ऑनलाइन आणि 3 दिवस पुण्यात, म्हणून निवडला. संस्थेचं नाव लिहीत नाही, कारण तक्रारही करायची आहे.

ऑनलाइन भाग यथातथाच. दुसऱ्या महायुद्धात दृष्टी गेलेल्या सैनिकांसाठी रिचर्ड हूव्हर यांनी बसवलेली लांब काठीची पद्धत, 2016 चा दिव्यांग हक्क कायदा, सगळं आधी शिकलेलंच.

पैसे वसूल झाले ते पुण्यातल्या दुसऱ्या दिवशी. डोळ्यांवर पट्टी बांधून, काठीचं टोक न उचलता जमिनीवरून घासत चालायला लावलं. इतकी वर्षं मी टकटक पद्धत शिकवतेय: उजवा पाय पुढे तेव्हा टोक डावीकडे, डावा पुढे तेव्हा उजवीकडे. त्यात दोन टेकण्यांच्या मधला खड्डा निसटतो. घासत नेलं की कड लगेच हाताला कळते.

परत आल्यावर पहिला प्रयोग माझ्याकडे शिकणाऱ्या तात्यांवर. काचबिंदूने नजर गेलेली, घर रस्त्याखाली, मधे जांभ्या दगडाची पाखाडी, म्हणजे पायऱ्यांची वाट. 23 पायऱ्या आणि एकीची उंची दुसरीसारखी नाही. सुरुवातीला काठीचं बारीक टोक जांभ्याच्या भोकांत अडकून मूठ पोटात बसायची. जाड, फिरतं टोक लावल्यावर जमलं, पण जूनमध्ये त्यात चिखल भरून ते फिरेनासं झालं. शेवटी आमचं ठरलं: वरच्या डांबरी रस्त्यावर आणि पायरीची कड शोधताना घासायचं, चिखलात टकटक.

आता तक्रार. अख्ख्या कोर्सला फूटपाथ गृहीत धरलेला. गाड्यांचा आवाज ऐकून रस्ता ओलांडायला छान शिकवलं. पण जुलैत इथे पत्र्यावर पाऊस, छत्रीवर पाऊस, शेजारी व्हाळ फुगलेला, ऐकणार काय? एका हातात काठी, दुसऱ्यात छत्री, गडग्याला, म्हणजे कडेच्या दगडी कुंपणाला, धरायला हात कुठला? रेनकोटची टोपी कान झाकते. (तात्या म्हणतात इरलं बरं, हात मोकळे राहतात. आता शोधूनही मिळत नाही.) हे मी प्रशिक्षकांना विचारलं होतं. उत्तर मिळालं, पावसात बाहेर पडणं टाळावं. चार महिने?

महामार्गाच्या चौपदरीकरणात एसटीचा थांबा हलला, पाठ करून घेतलेल्या खुणा गेल्या. बदललेला रस्ता पुन्हा कसा शिकवायचा, यावर एक ओळ नव्हती.

ऑगस्टात तात्या म्हणाले, “बाई, डोळं झाकून एकदा तुमीच उतरा बघू.” उतरले. चौदाव्या पायरीपाशी गडगा संपतो, तिथे मी खिळून उभी राहिले. वर्षभर त्याच पायरीवर मी त्यांना “थांबू नका” म्हणत होते.

पुढच्या टप्प्याचा कोर्स आलाय, पुन्हा मे महिन्यात. जुलैत आणि कोकणात घ्या, असं मी लेखी कळवलं आहे. उत्तर अजून आलेलं नाही.